पाहुणे येणार म्हणून दादाला अक्कलकोटला पाठवलं

पत्र:

ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची आहे. घर सोलापुरात, अशोक चौकाजवळ. नोकरी पुण्यात. शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी येते, रविवारी परत जाते. माझा दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा, पण त्याची समज जन्मापासून हळू वाढलेली. त्याला डाउन सिंड्रोम आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले. दादा गल्लीतल्या टॉवेलच्या कारखान्यात जाऊन बसतो, घड्या घालतो.

मी लहानपणापासून 'समजूतदार' मुलगी. दहावीला ९१ टक्के पडले त्या दिवशी दादा न्यूमोनियानं दवाखान्यात होता. पेढे आणायचे राहिले ते राहिलेच. मी कधी बोलले नाही. आता माझ्या लग्नाचं बघतायत. गेल्या महिन्यात पाहुणे यायचे होते, तर आदल्या दिवशी दादाला अक्कलकोटला मावशीकडे पाठवलं. त्यानं आपला नवा शर्ट इस्त्री करून आणून ठेवला होता. परत आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. त्या लोकांचा होकार आलाय. त्यांना दादाबद्दल काहीच माहीत नाही. मावशी म्हणते, साखरपुडा झाला की सांगू.

त्यातच आई मला एकटीला गाठून म्हणाली, "आमच्यानंतर त्याला तूच गं." मला इतका राग आला की मी उठून गच्चीवर गेले. मग त्या रागाचीच लाज वाटली. त्यांना सांगायचं का? माझ्या मुलांनाही असं होईल का? आणि मी वाईट आहे का?

– दादाची बहीण

उत्तर:

प्रिय मुली,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या शर्टापाशी अडखळले. तू एका वाक्यात लिहून पुढे गेलीस, मला जाता येईना. ३१ वर्षांचा माणूस इस्त्रीवाल्याकडे जातो, नवा शर्ट देतो, तो होईपर्यंत थांबतो आणि घरी आणून खुंटीला लावतो, कारण उद्या बहिणीला बघायला माणसं यायची आहेत. त्याला सगळं कळलं होतं. कोण येणार, कशाला येणार, आणि आपण या घरातले आहोत तेव्हा आपणही नीटनेटकं दिसलं पाहिजे. मग त्याला एसटीत बसवून दिलं.

तो दोन दिवसांचा अबोला म्हणजे रुसवा आहे, आणि तो रास्त आहे. तेव्हा बाकी सगळ्याच्या आधी हे कर. येत्या शुक्रवारी घरी पोचलीस की त्याच्याजवळ बस आणि सरळ म्हण, "दादा, तुला पाठवलं ते चुकलं. मी अडवायला हवं होतं." लांबण लावू नकोस, रडारड करू नकोस. तो काही बोलणार नाही किंवा भलतंच काही विचारेल. तरी सांग. (असा गप्पपणा पुढे कधी आठवडेच्या आठवडे टिकला, कामातलं लक्ष उडालं, तर मात्र थायरॉईड आणि कान तपासून घ्या. डाउन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांत थायरॉईड मंदावणं आणि ऐकू कमी येणं वारंवार होतं, आणि घरातले 'स्वभाव बदलला' म्हणून सोडून देतात.)

आता तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तू तो सगळ्यात हळू आवाजात विचारलायस.

मीही सोलापूरचीच, दाजी पेठेत वाढले. माझ्या धाकट्या भावालाही डाउन सिंड्रोम होता. घरात तो बाळू, आणि ४५ वर्षांचा होऊन गेला तेव्हाही बाळूच. गड्ड्याच्या जत्रेतली एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. मी अकरा वर्षांची होते, बाळू सात. होम मैदानावर ही गर्दी. आईनं त्याचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सोडू नको." समोरून माझ्या वर्गातल्या दोघी आल्या. बाळूची जीभ जराशी बाहेर असायची, थंडीत नाक वाहायचं, आईनं विणलेला लाल स्वेटर त्याला गुडघ्यापर्यंत येत होता. मी हात सोडला. नुसता सोडून थांबले नाही, तर चार दुकानं पुढे जाऊन बांगड्यांच्या दुकानापुढे उभी राहिले, हा माझा कोणी नव्हे अशी. मुली निघून गेल्या. वळून बघते तर बाळू नाही.

तेव्हा माझ्या मनात आलं, नाही सापडला तर? त्या विचारात भीती होती. आणि भीतीच्या तळाशी काहीतरी सुटल्यासारखं, हलकं हलकं वाटत होतं. अर्धं मिनिट असेल. मग मी रडत पळत सुटले. बाळू एका चुरमुऱ्याच्या दुकानात पोत्याला टेकून बसला होता. दुकानदारानं त्याच्या ओंजळीत चुरमुरे दिले होते, आणि तो एकेक करून खात होता. मला बघितल्यावर उठला, माझं मनगट घट्ट धरलं आणि रागावून म्हणाला, "ताई हरवली." घरी गेल्यावर आईलाही तेच सांगितलं. "ताई हरवली होती. मी आणली." आई हसली. मी हसले नाही. त्या अर्ध्या मिनिटाबद्दल आईला सांगायचं राहिलं ते राहिलंच, तुझ्या पेढ्यांसारखं.

तू गच्चीवर गेलीस, मी बांगड्यांच्या दुकानापुढे गेले होते. आपण वाईट नाही, पोरी. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या ८२२ भावंडांना काही प्रश्न विचारले होते, ती पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. ९६ टक्क्यांहून जास्त जणांनी सांगितलं की आमची त्याच्यावर माया आहे. लाज वाटते म्हणणारे दहा टक्क्यांच्या आत निघाले. मला ते आकडे खोटे वाटत नाहीत. फक्त तो कागद माझ्यापुढे आला असता तर मी मायेपुढेही खूण केली असती आणि लाजेपुढेही. दोन्ही एकाच मुलीच्या पोटात राहतात.

आणि 'समजूतदार' या शब्दाबद्दल मला राग आहे. घरातल्या एका लेकराकडे सगळ्यांचं लक्ष लागलेलं असतं तेव्हा दुसरं लेकरू समजूतदार होतं, कारण हट्ट करायला जागाच उरलेली नसते. मग सगळे त्याचं कौतुक करतात आणि ते आणखी गप्प होतं. दहावीच्या पेढ्यांचं आईला एकदा सांग. भांडण म्हणून नको, सांगायचं राहून गेलं म्हणून सांग. तिला वाईट वाटेल. वाटू दे. तिला ते ऐकायचा हक्क आहे, कारण त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर बसून तिच्याही मनात तुझा निकाल होताच.

मुलांबद्दलच्या प्रश्नाला सरळ उत्तर आहे, आणि ते बहुतेक तुमच्या कपाटातल्या एखाद्या जुन्या फाईलीत पडून असेल. दादाच्या लहानपणी त्याच्या रक्ताची गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे कॅरिओटाइप, झाली होती का ते बाबांना विचार. गुणसूत्रं म्हणजे आईवडिलांचे गुण वाहून आणणारे धागे. आपल्या पेशीत त्यांच्या २३ जोड्या असतात, एकूण ४६. डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन असतात. शंभरातल्या साधारण ९५ जणांत हे तिसरं गुणसूत्र सुटं असतं. बीजांड तयार होताना वाटणी चुकते, बहुतेक वेळा इतकंच कारण असतं. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते, पण तरुण आयांच्या पोटीही अशी मुलं येतात. यात घराण्याचा संबंध नसतो. दादाच्या रिपोर्टवर '४७, एक्सवाय, +२१' असं असेल तर तो हाच प्रकार, आणि मग तुझ्या मुलांच्या बाबतीतली शक्यता तुझ्या वयाच्या कुठल्याही बाईइतकीच.

शंभरातल्या तीन-चार जणांत प्रकार वेगळा असतो. तिथे २१ व्याचा जादा भाग दुसऱ्या एखाद्या गुणसूत्राला, बऱ्याचदा १४ व्याला, चिकटलेला असतो. रिपोर्टवर आकडा ४६ च दिसतो, पण पुढे १४ आणि २१ जोडीनं लिहिलेले असतात. यातल्या काही घरांत आई किंवा वडील स्वतः ठणठणीत असून वाहक असतात, म्हणजे हा जोड त्यांच्याकडून मुलांत जाऊ शकतो. मग तूही वाहक असू शकतेस आणि तुझीही तपासणी करावी लागते. एक-दोन टक्क्यांत काही पेशी ४६ च्या, काही ४७ च्या असतात. तोही सहसा घराण्यातून येत नाही. रिपोर्ट सापडला नाही तर आधी दादाचं रक्त तपासा, तुझं नंतर, आणि तेही गरज पडली तरच. एवढंसं रक्त लागतं, पण पेशी वाढवून बघाव्या लागतात, म्हणून निकालाला थोडे आठवडे जातात. तू पुण्यात आहेस, जेनेटिक्सच्या डॉक्टरांना तो रिपोर्ट दाखवणं तुला अवघड नाही. लग्न ठरवण्याआधी दाखव.

हा कागद तुझ्या आईसाठीही महत्त्वाचा आहे. डाउन सिंड्रोमची लक्षणं लँगडन डाउन या इंग्रज डॉक्टरनं १८६६ साली नोंदवली, आणि जादा गुणसूत्राचा शोध लागला १९५९ साली, फ्रान्समध्ये. बाळू १९६३ चा. म्हणजे कारण जगाला कळून चार वर्षं झाली होती, आमच्या वाड्यात मात्र ते आलं नव्हतं. आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली की सुनेनं ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून पोर असं झालं. माझी आई शिकलेली होती, तरी तिनं ते मनात धरलं. पुढे ग्रहण असलं की ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तुझ्या आईच्या मनात असं काही आहे का, तू कधी विचारलंयस? दादाचा रिपोर्ट हातात घेऊन तिच्याजवळ बस आणि ते '+२१' तिला बोटानं दाखव.

आता पाहुण्यांचं. साखरपुड्याच्या आधी सांगायचं. याच आठवड्यात. मावशीचा हेतू चांगला असेल, पण नंतर सांगणं ही फसवणूक होते, आणि ती दोन्हीकडे होते. त्यांची तर होतेच, दादाचीही होते, कारण तुझ्या साखरपुड्याच्या दिवशी त्याला पुन्हा कुठेतरी पाठवावं लागेल. आणि लग्नाच्या दिवशी? मुलाशी तू स्वतः फोनवर बोल, त्याच्या आईवडिलांशी बाबांनी बोलावं. कबुलीजबाब देतोय असा सूर लावू नका. "माझा मोठा भाऊ ३१ वर्षांचा आहे. त्याला डाउन सिंड्रोम आहे. टॉवेलच्या कारखान्यात घडीचं काम करतो. तुम्ही आलात तेव्हा तो घरी नव्हता, कारण आम्ही त्याला मावशीकडे पाठवलं होतं. ते आमचं चुकलं. पुढच्या वेळी या, तो भेटेल." बस. ते नको म्हणाले तर तुला दोन महिने वाईट वाटेल, हे मी नाकारत नाही. पण जे घर दादाला बघून मागे फिरतं त्या घरात तू रोज कुठल्या तोंडानं त्याचा फोन घेतली असतीस?

आणि तो कारखान्यात 'जाऊन बसतो' असं पुन्हा लिहू नकोस. मी घड्या घालणारे हात जवळून पाहिलेत. काठाला काठ भिडवायचा, तळव्यानं टॉवेलची लव सारखी करायची, मुडप घालायची, पुन्हा मुडप, आणि बाराचा गठ्ठा झाला की तो बाजूला सरकवायचा. एक काठ पुढे राहिला तर सगळा गठ्ठा वाकडा दिसतो. हे काम आहे. त्याचे त्याला पैसे मिळतात का? मिळत नसतील तर बाबांनी मालकांशी बोलावं, आणि मिळतात ते दादाच्या नावावर बँकेत जावेत.

राहिलं आईचं ते वाक्य. माझ्या आईला डॉक्टरांनी सांगितलं होतं, दहा-बारा वर्षांचा होईल हा. तेव्हा ते खोटं नव्हतं. अमेरिकेत १९८३ साली डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षं होतं, आता ते ६० च्या आसपास आहे. हृदयाची ऑपरेशनं होऊ लागली, न्यूमोनियाला औषधं आली. तुझा दादा आईबाबांच्या मागे बरीच वर्षं राहू शकतो, आणि त्याची तयारी कशी करायची हे सांगणारं कोणी मोठं माणूस आपल्या घरांत नाही, कारण आधीच्या पिढीवर ही वेळ फारशी आलीच नाही. तुझी आई घाबरली आहे. पण भीतीपोटी का होईना, तिनं तुला विचारलं नाही, सांगितलं. आणि दादाला तर विचारलंही नाही, सांगितलंही नाही.

ही चूक मी स्वतः केली. आई गेल्यावर बाराव्या-तेराव्याच्या गडबडीतच ठरलं की बाळू माझ्याकडे ठाण्याला. सगळे म्हणाले, बहीण असावी तर अशी. बाळूला कोणी विचारलं नाही. दाजी पेठेत त्याचं रोजचं एक काम होतं, दळणाचा डबा गिरणीत पोचवायचा आणि घेऊन यायचा. शेजारच्या चार घरांचंही दळण तोच न्यायचा. वाटेत सगळे विचारायचे, "काय बे बाळू, आज ज्वारी का गहू?" ठाण्यात आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि पीठ पिशवीतलं. रोज सकाळी तो रिकामा डबा घेऊन दारापाशी उभा राहायचा. मी म्हणायचे, नाही रे, इथे गिरणी नाही. तो डबा जागेवर ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी परत उभा. वर्षभर हे मी बघितलं. मग त्याला चुलतभावाकडे दाजी पेठेत परत आणून सोडलं. खर्च माझा, महिन्यातून चार दिवस मुक्काम माझा. लोकांनी नावं ठेवली. गिरणीवाल्यानं त्याला बघून भर रस्त्यात मिठी मारली.

म्हणून सांगते, दादाला पुण्याच्या फ्लॅटवर नेणं म्हणजेच त्याला सांभाळणं असं धरून बसू नका. त्याचा कारखाना, त्याचा इस्त्रीवाला, त्याची गल्ली हे सगळं अर्ध्या किलोमीटरात आहे. आधी त्याला विचारा, तुला कुठे राहायचंय, कोणाबरोबर. एकदा विचारून भागणार नाही, अधूनमधून विचारत राहावं लागेल. मग बघा की ते अर्धं किलोमीटर टिकवायचं तर कोणकोण लागेल. चुलतभाऊ, शेजार, पगारी माणूस, आणि वेळ पडली तर एखादी निवासी संस्था, जी आईबाबा असतानाच चौघांनी जाऊन पाहिलेली असेल. तुझा वाटा त्यात नक्की असेल. तो किती, हे तू ठरवायचं आणि लग्नाआधी ठरवायचं, म्हणजे नवऱ्यालाही माहीत असेल.

कागदांचं बाबांवर सोपव, शिक्षक माणूस आहे, नीट करतील. मुलगा १८ चा झाला की कायद्यानं आईवडीलही आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळ घरांत माहीतच नसतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. पालक म्हणून तुझं नाव लागलं तरी त्याच्याबरोबर एकाच घरात राहिलं पाहिजे असं त्यात नाही. त्याच कायद्यातल्या निरामय योजनेत वर्षाला एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा मिळतो. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, लागेल. नसेल तर सिव्हिलमध्ये चौकशी करून आधी तेच काढा. आणि पेन्शन. राज्य सरकारच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत, स्वतः कमवून पोट भरू न शकणाऱ्या अपंग मुलाला आईवडिलांच्या मागे कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळण्याची सोय आहे. बाबांच्या पेन्शनच्या कागदांत दादाचं नाव आणि दाखला आत्ताच नोंदवून ठेवायला सांग. मागे राहिलेल्यांना ते करताना फार हेलपाटे पडतात. कारखान्यातून मिळणाऱ्या पैशांचा त्यावर काय परिणाम होतो, तेही तिथेच विचारून घ्या. इच्छापत्राचं वकिलाशी बोला, घर कोणाच्या नावावर हे मोघम ठेवू नका.

हे सगळं एका बैठकीत होणार नाही. पहिल्या रात्री एवढंच कर. जेवणं झाली की ताटं तशीच राहू देत, चौघं बसा. चौघं, तिघं नव्हे. आईला म्हण, "आई, दादाला मी सोडणार नाही. पण 'तूच' म्हणून माझ्या एकटीवर टाकू नको. आपण चौघं मिळून ठरवू." दादा मध्येच टीव्ही लावेल, उठून जाईल. जाऊ दे. त्याची जागा मोकळी ठेवा, परत येईल.

रिपोर्ट मिळाला की मला कळव. आणि पत्राखाली तू सही केलीस 'दादाची बहीण'. पुढच्या पत्राखाली तुझं स्वतःचं नाव लिही. मी छापणार नाही, पण मला ते हवंय.

तुझी,
ताई